कच्च्या माशातून जाणारी वाट

मरळ चिरताना कधीकधी सुरीला एक लालभडक गुंडाळी लागते. पोटाच्या पोकळीत, आतड्याला चिकटून, नाहीतर थेट मांसात, पातळ पडद्याच्या पिशवीत ती बसलेली असते. पडदा फाडला की गुंडाळी उलगडते आणि बोटभर लांबीचा, दोऱ्याएवढ्या जाडीचा जीव ताटलीत वळवळू लागतो. मासा मरून बराच वेळ झालेला असतो, बर्फातही ठेवलेला असतो, तरी हा जिवंत. बहुतेक घरांत यानंतर मासा कचऱ्यात जातो आणि पुढच्या बाजाराला मासेवालीशी भांडण ठरलेलं असतं. त्यात मासेवालीची काही चूक नसते. मासा शिळा नसतो की सडलेला नसतो. तो पाण्यात पोहत होता तेव्हापासून, कदाचित कित्येक महिन्यांपासून हा पाहुणा त्याच्या अंगात होता आणि बगळ्याची वाट पाहत होता.

युस्ट्रॉन्जिलायडिस हे त्याचं नाव. हा गोलकृमी आहे, म्हणजे लहान मुलांच्या पोटात होणाऱ्या जंतांच्या दूरच्या नात्यातला. गोलकृमींच्या २५ हजारांहून अधिक जाती आजवर नोंदल्या गेल्या आहेत आणि नोंद न झालेल्या त्याहून कितीतरी जास्त असाव्यात. मातीत, समुद्राच्या तळाशी, पिकांच्या मुळांत, जनावरांच्या पोटात, जिथे पाहावं तिथे ते आहेत. अंगावर चिवट कात असते आणि अंड्यापासून प्रौढ होईपर्यंत ती चार वेळा टाकावी लागते. नर आणि मादी वेगवेगळे असतात. परजीवी जातींच्या बाबतीत तर प्रत्येक वयाला वेगळं घर लागतं आणि एका घरातून दुसऱ्या घरात जायचं ते बहुधा कोणाच्या तरी तोंडातून.

युस्ट्रॉन्जिलायडिसचं आयुष्य पाहिलं की हे नीट कळतं. त्याचे प्रौढ नर-मादी बगळ्यासारख्या मासेखाऊ पक्ष्याच्या जठराच्या भिंतीत राहतात. त्यांची अंडी पक्ष्याच्या विष्ठेतून पाण्यात पडतात. तळाच्या गाळातले छोटे जलगांडूळ ती गिळतात आणि अळी त्यांच्या अंगात वाढू लागते. जलगांडुळाला छोटा मासा खातो, छोट्या माशाला मरळीसारखा मोठा शिकारी मासा खातो. मोठ्या माशात गेल्यावर अळी प्रौढ होत नाही. मांसात शिरून, वेटोळं घालून ती नुसती बसून राहते. तो मासा बगळ्याच्या चोचीत गेला तरच तिचं पुढचं आयुष्य सुरू होतं. नाही गेला, तर माशाबरोबर तीही संपते.

म्हणून गोड्या पाण्यातल्या माशांमधल्या कृमींचा विचार करताना एकच प्रश्न सतत हाताशी ठेवावा लागतो: कोण कोणाला खातं, आणि कच्चं खातं का? माणूस आजारी पडला तो याच वाटेवर कुठेतरी चुकून उभा राहिला म्हणून. रोगाला आळा बसला तोही ही वाट तोडल्यावरच.

माणूस बगळ्याच्या जागी उभा राहिला की काय होतं, याची एक नोंद अमेरिकेत १९८२ मध्ये झाली. बाल्टिमोरजवळ गळ टाकून मासे धरणाऱ्या काही जणांनी आमिषासाठी आणलेले छोटे मासे जिवंत गिळले. दिवसभरातच त्यांच्या पोटात असह्य कळा सुरू झाल्या. दोघांची पोटं उघडावी लागली. आतड्याला भोकं पडली होती आणि ती पाडणारे लालसर कृमी तिथेच होते. अळीला पक्ष्याचं जठर हवं होतं. माणसाच्या आतड्यात ते सापडेना म्हणून ती भिंत फोडून पुढे निघाली होती. पुढे १९८९ मध्ये न्यूयॉर्कमधल्या एका तरुण विद्यार्थ्याचं अपेंडिक्स सुजलं असावं असं समजून डॉक्टरांनी शस्त्रक्रिया केली. अपेंडिक्स धडधाकट निघालं. मात्र शस्त्रक्रियेच्या कापडावर चार सेंटिमीटर लांबीचा गुलाबी-लाल कृमी सरपटताना दिसला. त्या तरुणाने कच्च्या माशाचे सुशी आणि साशिमी हे पदार्थ खाल्ले होते.

या गोष्टी परदेशातल्या म्हणून सोडून देण्यासारख्या नाहीत. दरवर्षी जूनच्या सुरुवातीला, मृगाच्या दिवसांत, हैदराबादमध्ये दम्याचे हजारो रुग्ण गोळा होतात. औषधी लगदा तोंडात भरलेलं मरळीचं जिवंत पिल्लू त्यांना गिळायला दिलं जातं. महाराष्ट्रातूनही रुग्ण तिकडे जातात. या औषधाने दमा बरा होतो की नाही, हा वाद जुना आहे. त्या वादापलीकडे आणखी एक साधी गोष्ट लक्षात घ्यायला हवी: मरळ ही अनेक परजीवी कृमींना आसरा देणारी मासळी आहे, आणि जिवंत मरळ गिळणं म्हणजे ती बगळ्यासारखीच खाणं. तळ्यात वाढलेल्या त्या पिल्लाच्या पोटात काय दडलं आहे हे गिळणाऱ्याला कळायला काहीच मार्ग नसतो. दम्याने गांजलेल्या माणसाच्या वाट्याला हा धोका यावा हे वाईट आहे.

मरळीच्या पाहुण्यांपैकी माणसाला सगळ्यात छळणारा असेल तर तो ग्नॅथोस्टोमा. त्याचा शास्त्राला पहिला परिचय झाला तो माशात नव्हे, वाघात. १८३६ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात एक तरुण वाघ मेला. शरीररचनाशास्त्रज्ञ रिचर्ड ओवेन यांना त्याच्या जठराच्या भिंतीतल्या गाठीत काटेरी डोक्याचे कृमी सापडले. वाघ, बिबट्या, मांजर आणि कुत्रा ही या कृमीची हक्काची घरं. माणसातला पहिला रुग्ण १८८९ मध्ये नोंदला गेला, तेव्हाच्या सयाममधली एक स्त्री. पण वाघापासून माणसापर्यंत हा कृमी पोहोचतो कसा, याचा उलगडा व्हायला आणखी चार दशकं लागली. १९३०च्या दशकात प्रोम्मास आणि डाएंगस्वांग या थायलंडमधल्या संशोधकांनी साखळीचा एकेक दुवा जोडला. मांजराच्या विष्ठेतली अंडी पाण्यात जातात. त्यांतून निघालेली अळी सायक्लोप्स नावाचा, डोळ्यांना जेमतेम ठिपक्याएवढा दिसणारा जलचर खातो. सायक्लोप्सला मासा खातो, माशाला मांजर.

माशाच्या मांसातली ग्नॅथोस्टोमाची अळी तीन-चार मिलिमीटरची असते. सूक्ष्मदर्शकाखाली तिचं डोकं फुगीर दिसतं आणि त्याभोवती बारीक आकड्यांच्या चार रांगा दिसतात. हे आकडे रोवत ती पुढे सरकते. माणसात तिला प्रौढ होता येत नाही, पण ती मरतही नाही. कातडीखालून ती फिरत राहते. आज दंडावर सूज, चार दिवसांनी ती गायब, महिन्याने पोटावर किंवा गालावर पुन्हा तशीच सूज आणि खाज. अंगावर पित्त उठलं असेल असं समजून रुग्ण महिनोन् महिने गोळ्या घेत राहतो. अळी डोळ्यात शिरली तर दृष्टी जाऊ शकते, मज्जारज्जूत किंवा मेंदूत गेली तर जीवच. ती माणसाच्या अंगात दहा-दहा वर्षं जिवंत राहिल्याच्या नोंदी आहेत. थायलंड आणि जपानमध्ये गोड्या पाण्यातल्या कच्च्या माशांमुळे हा रोग झाला. मेक्सिकोत १९७० नंतर तो दिसू लागला, कारण तिथल्या सेविचे या पदार्थात मासा चुलीवर चढतच नाही, नुसता लिंबाच्या रसात मुरवतात. लिंबाने माशाचं मांस पांढरं पडतं, शिजल्यासारखं दिसतं. अळीवर मात्र त्या आंबटपणाचा भरवशाने परिणाम होत नाही.

भारतातही ग्नॅथोस्टोमाचे रुग्ण आढळले आहेत, त्यांत डोळ्यात अळी सापडलेले बरेच. थायलंड-व्हिएतनामला फिरायला जाणाऱ्या मराठी कुटुंबांची संख्या आता मोठी आहे. तिथून परतल्यावर अशी जागा बदलणारी सूज आली, तर डॉक्टरांना प्रवासाबद्दल आणि तिथे काय खाल्लं त्याबद्दल आपण होऊन सांगावं. निदानाचा निम्मा रस्ता तेवढ्याने सरतो.

एकेकट्या रुग्णांच्या या हकिगतींहून फिलिपाइन्समधली गोष्ट फार भयंकर आहे. लुझोन बेटाच्या उत्तरेला इलोकोस नावाचा किनारी प्रदेश आहे. १९६३ मध्ये तिथल्या एका शिक्षकाला न थांबणारे जुलाब लागले. अंगावरचं मांस झडत गेलं आणि मनिलाच्या रुग्णालयात त्याचा मृत्यू झाला. शवविच्छेदनात आतड्यात असंख्य बारीक कृमी आढळले. ते कुठल्याच ज्ञात जातीत बसेनात. १९६७ मध्ये त्याच प्रदेशात साथ आली. गावंच्या गावं आजारी पडली. पोटात सतत गुडगुड, दिवसातून अनेक वेळा जुलाब, पायांना सूज, मग हाडांचा सापळा. १,३०० हून अधिक लोकांना हा रोग झाला आणि सुमारे ९० जण दगावले. १९६८ मध्ये या कृमीला कॅपिलॅरिया फिलिपिनेन्सिस असं नाव मिळालं.

हा कृमी पाच मिलिमीटरांपेक्षा क्वचितच मोठा होतो. एवढ्याशा जिवाने माणूस मरावा कसा? उत्तर त्याच्या एका विलक्षण सवयीत आहे. बहुतेक परजीवी कृमींची अंडी शरीराबाहेर गेल्याशिवाय पुढची पिढी तयार होत नाही, त्यामुळे जितक्या अळ्या गिळल्या तितकेच कृमी. कॅपिलॅरियाच्या काही माद्या अंड्यांऐवजी थेट अळ्या सोडतात आणि त्या त्याच आतड्यात वाढून आणखी अळ्यांना जन्म देतात. प्रयोगशाळेत जर्बिल जातीच्या उंदरांना मोजक्या अळ्या दिल्या, तर काही आठवड्यांत त्यांच्या आतड्यात हजारो कृमी झाले. मरण पावलेल्या एका रुग्णाच्या आतड्यातल्या लिटरभर द्रवात दोन लाख कृमी असल्याचा अंदाज बांधला गेला. या झुंडीने आतड्याचं अस्तर खराब होतं, प्रथिनं आणि क्षार गळून जातात, खाल्लेलं अंगी लागत नाही.

अमेरिकी नौदलाच्या वैद्यकीय संशोधन केंद्राचे जॉन क्रॉस आणि त्यांचे सहकारी या गावांत वर्षानुवर्षं काम करत राहिले. लोक काय खातात हे त्यांनी बारकाईने पाहिलं. खाजणातले छोटे मासे तिथे आख्खे, आतड्यांसकट, कच्चेच खाण्याची रीत होती. पक्ष्यांनाही तेच मासे मिळत. मासेखाऊ पक्षी आणि छोटे मासे यांच्यात हा कृमी बहुधा फार पूर्वीपासून फिरत असावा आणि माणूस मधेच त्या पंगतीला जाऊन बसला. मेबेंडाझोल किंवा अल्बेंडाझोल हे औषध दहा ते वीस दिवस घेतलं की हा रोग बरा होतो. आपल्या शाळांमध्ये जंतांसाठी वाटतात तीच अल्बेंडाझोलची गोळी, फक्त इथे एका गोळीने भागत नाही. पुढे थायलंड आणि इजिप्तमध्येही हा रोग सापडला, भारतातूनही मोजके रुग्ण नोंदले गेले. निदान वेळेवर झालं तर मृत्यू टळतो. निदानच झालं नाही तर काय होतं, ते इलोकोसने दाखवून दिलं आहे.

मराठी माणसाला यापेक्षा जवळची गोष्ट नारूची. पन्नाशी-साठी ओलांडलेल्या खेडवळ वाचकाला नारू म्हणजे काय ते सांगावं लागणार नाही. पायाला फोड येई, आग आग होई, माणूस पाय पाण्यात बुडवी आणि फोड फुटून पांढरा दोरा डोकावू लागे. जवळपास मीटरभर लांबीची ही कृमीची मादी काडीला गुंडाळत रोज थोडी थोडी ओढून काढावी लागे. तुटली तर पाय पिकून माणूस महिनोन् महिने अंथरुणाला खिळे. नारूची अळी पसरते सायक्लोप्समधून. ज्या पायविहिरीत लोक पाय बुडवून पाणी भरत, तिथेच रोग्याच्या पायातून अळ्या सुटत, सायक्लोप्स त्या खात आणि तेच पाणी गाव पिई.

नारू सायक्लोप्समधून पसरतो, या शोधाच्या मुळाशीही एका माशातला कृमी आहे, हे फारसं कोणाला ठाऊक नसतं. जर्मन प्राणिशास्त्रज्ञ रुडॉल्फ लॉयकार्ट यांनी पर्च नावाच्या गोड्या पाण्यातल्या माशाच्या आतड्यातल्या कॅमॅलॅनस या लाल कृमीचा अभ्यास केला. त्याची अळी सायक्लोप्समध्ये वाढते हे त्यांच्या लक्षात आलं. नारूची अळी दिसायला याच अळीसारखी, तेव्हा तिचाही मार्ग हाच असेल, असा त्यांनी तर्क केला आणि रशियन निसर्गशास्त्रज्ञ अलेक्सेई फेदचेन्को यांना तो सांगितला. १८७०च्या सुमारास मध्य आशियात समरकंदकडे काम करताना फेदचेन्को यांनी नारूच्या अळ्या सायक्लोप्सच्या अंगात शिरताना पाहिल्या. हा सायक्लोप्स गिळल्याने माणसाला खरोखर नारू होतो, याची प्रयोगाने खात्री करून घेणाऱ्यांत मुंबईच्या परळमधल्या जीवाणुशास्त्रीय प्रयोगशाळेचे डी. ए. टर्खड होते. त्यांचं हे काम १९१३च्या सुमाराचं.

१९३०च्या दशकात म्हैसूर संस्थानातल्या चित्रदुर्ग भागात मूर्ती आणि स्वीट या संशोधकांनी माशालाच नारूविरुद्ध कामाला लावलं. पायविहिरींत छोटे मासे सोडायचे, ते सायक्लोप्स खातील आणि पाणी निर्धोक होईल, अशी ही योजना. ती यशस्वी ठरली. पुढे स्वतंत्र भारतात १९८०च्या दशकात नारू निर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. तेव्हा महाराष्ट्रासह सात राज्यांत मिळून जवळपास ४० हजार रुग्ण होते. पायविहिरी बंद झाल्या, हातपंप बसले, पाणी फडक्याने गाळून पिण्याचा आग्रह घरोघर धरला गेला, विहिरींत औषध पडलं. शेवटचा रुग्ण १९९६च्या जुलैमध्ये राजस्थानातल्या जोधपूर जिल्ह्यात आढळला. २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचं जाहीर केलं. लस नाही, कृमी मारणारं औषध नाही, नुसतं पाण्याचं वळण बदलून एक रोग देशातून गेला. आपल्या सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासातलं हे फार मोठं काम आहे आणि त्याचा उल्लेख व्हायला हवा तेवढा होत नाही.

आफ्रिकेतही याच उपायांनी नारू हटत गेला. १९८६ मध्ये जगात वर्षाला अंदाजे ३५ लाख लोकांना नारू होत असे. पुढे ही संख्या हजारांवर आणि मग शेकड्यांवर आली. मध्य आफ्रिकेतल्या चाड देशात तर दहा वर्षं एकही रुग्ण नव्हता. २०१० मध्ये मात्र तिथे अचानक दहा रुग्ण सापडले. हे रुग्णही विचित्र होते. पूर्वी एका पाणवठ्यावरचं अख्खं गाव आजारी पडे. इथे शारी नदीच्या काठी या गावात एक, दूरच्या गावात दुसरा, आणि त्यांचा आपसात काही संबंध नाही. पाण्यावरून माग काढून काही हाती लागेना. मग २०१२ मध्ये कुत्र्यांच्या पायांतून नारू निघताना दिसले. तपासणीत कुत्र्यांमधला आणि माणसांमधला कृमी एकच निघाला. २०१९ पर्यंत चाडमध्ये एका वर्षात १,९०० हून अधिक कुत्र्यांना नारू झाल्याची नोंद झाली, आणि माणसांत मात्र जेमतेम काही डझन.

कुत्र्यांना नारू होतो कुठून? पाणी पिताना कुत्रा जीभ आपटतो, त्या झटक्याने सायक्लोप्स सहसा दूर पळतात. संशोधकांची नजर नदीकाठच्या मासेमारीकडे वळली. कोरड्या ऋतूत डबकी आटत जातात, गावकरी एकत्र येऊन हजारोंनी मासे धरतात, काठावरच साफ करतात आणि आतडी तिथेच टाकून देतात. कुत्री त्यावर ताव मारतात. आटत्या डबक्यात सायक्लोप्स दाटीने भरलेले असतात आणि माशांनी ते नुकतेच खाल्लेले असतात. प्रयोगात माशांना नारूच्या अळ्या असलेले सायक्लोप्स खाऊ घातले आणि लगेच ते मासे फेरेट या मुंगसासारख्या प्राण्याला दिले, तेव्हा कृमी त्या प्राण्यात पोहोचला. बेडकांच्या अंगात तर या अळ्या जास्त काळ टिकून राहतात, असंही दिसलं. म्हणजे कृमीला मासा आणि बेडूक अशा दोन वाटा खुल्या होत्या.

चित्रदुर्गच्या विहिरीत मासा सायक्लोप्स खाई आणि नारू थांबे. शारीच्या काठी मासा तोच सायक्लोप्स खातो आणि नारू पसरतो. माशाच्या वागण्यात तसूभरही फरक नाही. विहिरीतल्या माशाची कच्ची आतडी खायला तिथे कोणी नव्हतं, नदीकाठी कुत्री आहेत, एवढाच काय तो फरक. चाडमधल्या मोहिमेचं रूपही त्यामुळे बदललं. पाणी गाळण्याबरोबरच माशांची आतडी पुरायला सांगितलं जाऊ लागलं, कुत्री बांधून ठेवायला सांगितलं जाऊ लागलं, नारू दाखवणाऱ्याला रोख बक्षीस मिळू लागलं. कुत्र्यांमधली वार्षिक संख्या आता काही शेकड्यांपर्यंत खाली आली आहे. २०२४ मध्ये जगभरात माणसांत नारूचे १५ रुग्ण नोंदले गेले. लाखांवरून १५ वर येणं अवघड होतं, पण १५ वरून शून्यावर जाणं त्याहून अवघड ठरतं आहे, कारण आता लढा माणसाच्या सवयींपुरता उरलेला नाही.

इथवर सगळं माणसाच्या बाजूने झालं. मासा स्वतः काय सोसतो? पिढ्यानपिढ्या एकत्र राहिलेल्या मासा आणि कृमी यांच्यात बहुधा एक जमवाजमव होते. कृमी थोडं खातो, मासा थोडं सहन करतो. हे बिघडतं कधी, तर माणसाने कृमीला नव्या मुलखात नेऊन सोडलं की.

युरोपातल्या ईल माशाचं असंच झालं. आपल्याकडच्या नद्यांतल्या अहिर माशाचा तो भाऊबंद, सापासारखा लांब. पूर्व आशियातल्या जपानी ईलच्या हवेच्या पिशवीत अँग्विलिकोला क्रासस नावाचा गोलकृमी राहतो. ही पिशवी, म्हणजे वाताशय, माशाला पाण्यात हव्या त्या खोलीवर तरंगत ठेवते. कृमी तिच्या भिंतीतलं रक्त पितो. जपानी ईलमध्ये तो मोजका असतो, कारण त्या माशाचं शरीर त्याला आवरतं. १९८०च्या सुमारास जिवंत ईलच्या व्यापाराबरोबर हा कृमी युरोपात आला आणि १९८२ मध्ये जर्मनीत त्याची पहिली नोंद झाली. काही वर्षांतच तो खंडभर पसरला. युरोपीय ईलच्या शरीराने असा शत्रू कधी पाहिलाच नव्हता. तिथे चिरलेल्या ईलची पिशवी पाहिली तर काचेसारख्या पारदर्शक, हवेने फुगलेल्या अवयवाच्या जागी जाड, चट्टे पडलेली भिंत दिसते. आत रक्त पिऊन काळपट झालेले फुगीर कृमी एकमेकांना चिकटून भरलेले असतात.

हंगेरीतल्या बालाटोन सरोवरात १९९१च्या उन्हाळ्यात ईल टनावारी मरून काठाला लागले. त्यांच्या पिशव्या याच कृमींनी खचाखच भरलेल्या होत्या. पण याहून मोठं नुकसान डोळ्यांआड होतं. युरोपीय ईल आयुष्यातून एकदाच अंडी घालायला निघतो. नदी सोडून, अटलांटिक महासागरातून पाच-सहा हजार किलोमीटर पोहत तो सारगासो समुद्राकडे जातो. वाटेत तो काही खात नाही. दिवसा शेकडो मीटर खोल जातो आणि रात्री वर येतो, आणि त्यासाठी त्याला ती पिशवी धड लागते. पिशवी खराब झालेल्या ईलला पोहायला जास्त ताकद लागते आणि तो लवकर थकतो, हे प्रयोगशाळेतल्या पाण्याच्या बोगद्यांत दिसून आलं आहे. युरोपच्या किनाऱ्यावर परतणाऱ्या ईलच्या पिल्लांची संख्या १९८०च्या आधीच्या मानाने ९० टक्क्यांहून जास्त घटली आहे. त्यामागे धरणं, प्रदूषण, बेसुमार मासेमारी आणि पिल्लांची तस्करी ही कारणंही आहेत. कृमीला एकट्याला दोष देता येणार नाही. पण तो स्वतःहून आला नव्हता, त्याला विमानातून आणि मालमोटारींतून माणसाने आणलं होतं.

असाच प्रवास लॉयकार्ट यांच्या कृमीच्या एका भावाने, कॅमॅलॅनस कॉट्टीने केला. हा मूळचा आशियातला. शोभेच्या माशांबरोबर तो जगभर गेला, हवाई बेटांवरच्या ओढ्यांतल्या स्थानिक माशांतही शिरला. डास आटोक्यात ठेवायला आपल्याकडे टाक्यांत सोडतात त्या गप्पी माशांनाही तो होतो. घरच्या काचेच्या टाकीतल्या गप्पीच्या गुदद्वारातून लाल तंतूंचा झुबका बाहेर दिसू लागला, तर तो बहुधा हाच. इतर नातलगांप्रमाणे त्याला सायक्लोप्स लागतो, पण टाकीच्या दाटीवाटीत तो माशामाशांतूनही थेट पसरतो, म्हणून एका माशात दिसला की सगळ्या टाकीवर उपचार करावे लागतात. नवा मासा आणला की काही आठवडे वेगळ्या भांड्यात ठेवावा. नकोसे झालेले मासे नदी-तळ्यात कधीच सोडू नयेत.

मरळीच्या मांसातली ती लाल गुंडाळी पाहून मासा टाकून देण्याची गरज नाही. तेवढा भाग भोवतालच्या मांसासकट कापून काढावा आणि उरलेला मासा नेहमीसारखा शिजवावा. माशाच्या आतपर्यंत ६३ अंश सेल्सिअस उष्णता पोहोचली की हे कृमी मरतात. आपल्या कालवणाला उकळी फुटते तेव्हा तापमान याच्या बरंच पुढे गेलेलं असतं. जाड तुकडा मोठ्या आचेवर भराभर तळला तर वरून खरपूस आणि काट्याजवळ कच्चा राहू शकतो, तिथे मात्र लक्ष द्यावं. मांस काट्यापासून सहज सुटलं आणि आत कुठेही काचेसारखं दिसत नसेल तर ते शिजलं. कच्चाच खायचा असेल तर मासा उणे २० अंशांवर सात दिवस गोठवलेला असावा. घरच्या फ्रिजचा बर्फाचा कप्पा इतका थंड असेलच असं नाही. मीठ, व्हिनेगर, लिंबू, मसाला यांच्यावर विसंबू नये. कच्चा मासा कापलेली सुरी आणि फळी धुतल्याशिवाय कोशिंबिरीला घेऊ नये. आणि साफ करताना निघालेली आतडी दारातल्या मांजराला किंवा गल्लीतल्या कुत्र्याला कच्ची घालू नयेत, कारण ग्नॅथोस्टोमाला पुढच्या पिढीसाठी हवं असतं ते त्यांचंच जठर. ती आतडी उकळून घालावीत, नाहीतर खड्डा करून पुरावीत.